'कर्म' म्हणजे नेमकं काय? मुलांना सांगण्याआधी आपण समजून घेऊया



मधल्या सुट्टीत एखादा मुलगा दुसऱ्याची खोडी काढून पळतो, पळताना घसरून पडतो आणि मागून आवाज येतो, "बरं झालं! कर्माची फळं!" सगळे हसतात. पडलेलाही हसतो. यात फारसं काही बिघडत नाही. पण हेच वाक्य कुणी मोठ्या माणसाने एखाद्या मुलाच्या अपंगत्वाबद्दल, वडील वारलेल्या मुलीबद्दल किंवा कुणाच्या घरच्या गरिबीबद्दल उच्चारलं तर? ते वाक्य त्या मुलाच्या मनात किती वर्षं राहील, याचा विचार करून पाहा. म्हणून हा शब्द आपण आधी नीट समजून घ्यायला हवा.

शब्द कुठून आला?

'कर्म' हा शब्द संस्कृत 'कृ' (करणे) या धातूपासून आला. कर्म म्हणजे केलेली कृती, इतका साधा अर्थ. मुलांना तो आधी भेटतो व्याकरणात. 'सीमाने आंबा खाल्ला' या वाक्यात सीमा कर्ता आणि आंबा कर्म. म्हणजे क्रिया कर्त्यापासून निघते आणि कर्मावर जाऊन पोचते. कर्मसिद्धांतात याच्या पुढची पायरी आहे. कर्त्यापासून निघालेली कृती फिरून कर्त्याकडेच येते, असं तो सांगतो. सातवी-आठवीच्या मुलांना ही तुलना पटकन कळते.

मराठीत या शब्दाचं कुटुंब मोठं आहे. कर्मचारी, कर्मठ, कर्मकांड, कर्मवीर, कर्मदरिद्री, कर्मधर्मसंयोग. शिवाय कपाळाला हात लावून म्हटलेलं "कर्म माझं!" आहेच. गंमत बघा, 'कर्मवीर' म्हणजे काम करून दाखवणारा, आणि "कर्म माझं" म्हणजे आता काही करता येत नाही! एकाच शब्दाची ही दोन टोकं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

धर्मांमध्ये कर्म

वेदकाळात कर्म म्हणजे मुख्यतः यज्ञकर्म. विधी बरोबर झाला की फळ मिळणार, ही कल्पना. उपनिषदांत हा अर्थ बदलतो. बृहदारण्यक उपनिषदात माणूस मेल्यावर काय उरतं, असा प्रश्न आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो. याज्ञवल्क्य त्याला सभेतून बाजूला घेऊन जातात आणि दोघं कर्माबद्दल बोलतात. चांगल्या कर्माने माणूस चांगला होतो, वाईटाने वाईट, असा त्या बोलण्याचा सार आहे.

पुढे कर्माचे तीन प्रकार मानले गेले. आतापर्यंत साठलेलं ते संचित, त्यातलं फळ देऊ लागलेलं ते प्रारब्ध आणि आत्ता आपण करतोय ते क्रियमाण. यासाठी बाणाचं उदाहरण देतात. भात्यातले बाण म्हणजे संचित, सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध आणि हातात धरलेला बाण म्हणजे क्रियमाण. सुटलेला बाण परत येत नाही, पण हातातला कुठे सोडायचा हे आपल्याकडे असतं.

जैन धर्मात कर्म ही आत्म्याला चिकटणारी सूक्ष्म द्रव्यं मानली जातात, आणि संयम व तपाने ती झडून जातात. बुद्धांनी भर दिला तो हेतूवर. चुकून मुंगी पायाखाली येणं आणि मुद्दाम चिरडणं यांत फरक आहे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे, माणसाला होणारा प्रत्येक त्रास पूर्वकर्मामुळेच होतो, हे मत बुद्धांनी नाकारलं. शरीरातले बिघाड, ऋतुबदल, अपघात अशीही कारणं असतात, असं त्यांनी सांगितलं.

भगवद्गीतेने फळापेक्षा कर्तव्याकडे लक्ष वळवलं. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, ते 1915 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचं दुसरं नाव 'कर्मयोगशास्त्र'. संसार सोडून बसू नका, काम करा, हा त्याचा रोख. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. दोन्ही पुस्तकं कैदेतली आहेत आणि दोन्ही पुस्तकं कृतीकडे नेतात, हे मुलांना जरूर सांगा.

महाभारतातल्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट अणीमांडव्य ऋषींची. चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला. ऋषी मौनात होते. राजाच्या माणसांनी त्यांनाही चोर समजून सुळावर चढवलं. पुढे त्यांनी यमधर्माला विचारलं, "माझं असं कोणतं पाप होतं?" उत्तर मिळालं की लहानपणी तुम्ही किड्यांना गवताच्या काड्या टोचल्या होत्या. ऋषी संतापले. एवढ्याशा पोराच्या चुकीला एवढी शिक्षा? त्यांनी यमालाच मनुष्यजन्म घेण्याचा शाप दिला (तोच पुढे विदुर झाला) आणि नियम घातला की चौदा वर्षांपर्यंत मुलाने केलेल्या गोष्टीचं पाप धरायचं नाही. म्हणजे महाभारतच सांगतं की मुलांना कर्माचा हिशेब लावू नका!

दुसरी गोष्ट गौतमीची. तिचा मुलगा साप चावून मेला. एका पारध्याने साप पकडून आणला आणि विचारलं, "कसा मारू याला?" साप म्हणतो, मला मृत्यूने पाठवलं. मृत्यू म्हणतो, मला काळाने. काळ म्हणतो, याचं कारण मुलाचं स्वतःचं कर्म. शेवटी गौतमी म्हणते की माझंही कर्म असंच होतं, सोड त्या सापाला.

दोन्हीकडे कर्माचीच भाषा आहे, पण फरक बघा. गौतमी स्वतःच्या दुःखाबद्दल बोलते, आणि ते बोलून ती सूड थांबवते. यम मात्र दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडतो. माणूस स्वतःच्या दुःखाबद्दल "कर्म" म्हणतो तेव्हा कदाचित त्याला धीर मिळतो. शेजारी उभा राहून आपण त्याला तेच म्हणतो, तेव्हा तो आरोप होतो.

समाजात काय झालं?

हा आरोप आपल्या समाजात शतकानुशतकं झाला. चांगल्या आचरणाने वरच्या वर्णात जन्म आणि वाईटाने चांडाळाचा, असा विचार छांदोग्य उपनिषदातही आहे. चौदाव्या शतकातल्या चोखोबांच्या एका अभंगात ते आपल्या जन्माला पूर्वीच्या दोषाचं फळ म्हणतात. इतका मोठा संत, पण समाजाने दिलेली जखम त्याला स्वतःची चूक वाटली. विधवांचंही तेच. नवरा गेला तर तिचंच पूर्वजन्मीचं पाप! 1882 मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारलं की बायको मेल्यावर पुरुषाला असा दोष का लागत नाही?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्मावर गरिबी आणि हीन स्थिती ढकलणं साफ नाकारलं. असं मानलं तर माणसाच्या आणि समाजाच्या प्रयत्नाला जागाच उरत नाही, हा त्यांचा मुद्दा. आणि ज्यांच्या शिकण्याला नशिबाचं कुलूप लावलेलं होतं, त्या मुलांसाठी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांना लोकांनी पदवी दिली 'कर्मवीर'. शब्द तोच, टोक दुसरं.

मग मुलांना काय सांगायचं?

1. परिणाम आणि शिक्षा वेगळ्या करा. सराव केला नाही म्हणून गणित चुकलं, हा परिणाम. आजार, अपंगत्व, आईवडिलांचा मृत्यू ही कुणाची शिक्षा नाही.

2. 'पेरावे तसे उगवते' ही म्हण शिकवताना पाऊस, जमीन आणि बी यांचाही विषय काढा. चांगलं पेरूनही दुष्काळात पीक जातं, हे शेतकऱ्याच्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

3. कर्माचा नियम स्वतःला लावायचा, दुसऱ्याला नाही. "मी आज काय करू?" हा प्रश्न चांगला. "त्याने काय केलं असेल म्हणून असं झालं?" हा प्रश्न वर्गात नको.

4. अणीमांडव्यांची गोष्ट सांगून मुलांना विचारा, "शिक्षा योग्य होती का? तुम्ही कोणता नियम केला असता?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

आणि घरी, पालकहो, मूल पडलं तर "बघ, ऐकलं नाहीस ना, मिळालं फळ!" म्हणण्याआधी त्याला उचलून घ्या. त्या क्षणी आपल्या हातातलं क्रियमाण कर्म तेवढंच असतं.