नेकनूरचा बाजार, अवसेची रात्र आणि पन्नासची लेन्स

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की बालाघाटाच्या पठारावर नेकनूर लागतं. इथला जनावरांचा बाजार बीड जिल्ह्यात सगळ्यांच्या ओळखीचा. फोटो काढणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळायची नाही, आणि याहून कडक मास्तरही. ऊन डोक्यावर आलेलं, समोर पांढरी टोपी नाहीतर पांढरं पागोटं, त्याखाली रापलेला चेहरा आणि शेजारी पांढराशुभ्र बैल. या दृश्यावर ऑटो मोडमध्ये बटण दाबलं की बैल उत्तम येतो आणि मालकाच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग उमटतो.

यात कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याच्या आतल्या प्रकाशमापकाला बैल आणि माणूस यांतला फरक कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं गृहीत धरून तो हिशेब करतो. चौकटीत पांढरं जास्त असेल तर तो सगळंच दाबतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे मोजणी स्पॉटवर ठेवायची आणि गालावरचा प्रकाश मोजायचा. दुसरा, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक घर वर न्यायचं. पण चेहरा उजळला की टोपी पांढरीफटक होऊन तिच्यातली घडी जाते. म्हणून तिसरा उपाय सर्वांत चांगला, तो म्हणजे माणसालाच लिंबाच्या सावलीच्या काठाशी बोलवायचं. ‘मामा, जरा सावलीला येता का, एक फोटो काढतो,’ म्हटलं तर बहुतेक जण येतात. फक्त बैलासकट काढा, एवढीच अट असते. सावलीच्या काठावर उभं राहून तोंड उघड्या आभाळाकडे केलं की चेहऱ्यावर मऊ, सपाट नसलेला उजेड पडतो. शहरातल्या स्टुडिओत मोठ्या सॉफ्टबॉक्सने जे साधतात ते इथे फुकट मिळतं.

सावलीतही एक फसवणूक असते. बाजारातली पालं निळ्या-पिवळ्या ताडपत्रीची असतात. निळ्या ताडपत्रीखालची मावशी फोटोत आजारी दिसते, पिवळीखालची काविळीची. डोळा हे सवयीने दुरुस्त करून घेतो, सेन्सर करत नाही. एखादा पांढरा कागद त्याच ताडपत्रीखाली धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यावा, किंवा रॉ फाइल ठेवून रंग घरी सुधारावा. ताडपत्री आणि बाजूचं ऊन असे दोन उजेड एकाच चेहऱ्यावर पडले असतील तर मात्र काही सुधारत नाही. तिथून माणूस हलवावा, नाहीतर आपण हलावं.

आता लेन्सकडे येऊ, कारण नव्या कॅमेऱ्याची हौस फेडताना पैसे चुकीच्या ठिकाणी जातात ते इथेच. कॅमेऱ्यासोबत बहुधा 18-55 ची किट लेन्स येते. ती वाईट नाही, पण आंधळी आहे. 55 वर नेली की तिचं छिद्र एफ 5.6 पेक्षा मोठं उघडत नाही. 50 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स त्याच उजेडात सेन्सरपर्यंत जवळजवळ दहापट प्रकाश पोहोचवते. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं, आणि प्रकाश आकड्याच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतो. 5.6 ला 1.8 ने भागून वर्ग करा, उत्तर साडेनऊच्या वर येतं. झूम नसलेली ही छोटी लेन्स मोठ्या कंपन्यांच्या यादीत सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी असते. माझं मत सरळ आहे : पहिले जास्तीचे पैसे हिच्यावर घाला, बॉडी नंतर बदला.

साध्या, म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हीच पन्नासची लेन्स 75 ते 80 मिलिमीटरसारखी चौकट देते, आणि चेहऱ्यासाठी तेच हवं असतं. त्याचं कारण लेन्सच्या आकड्यात कमी आणि तिच्यामुळे आपण किती अंतरावर उभे राहतो, यात जास्त आहे. अठरावर ठेवून चेहरा चौकटीत भरायचा तर फूटभरावर जावं लागतं. तिथून नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान त्यामानाने फार लांब, म्हणून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दीड-दोन मीटरवरून दोन्हींच्या अंतरात नावापुरता फरक उरतो आणि चेहरा घरच्यांना ओळखीचा वाटतो. मोबाइलच्या सेल्फीत नाक मोठं दिसतं त्याचं कारणही हेच, त्याचा दोष नाकाकडे जात नाही.

मोठ्या छिद्राची किंमत मात्र चुकवावी लागते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स 1.8 वर उघडी ठेवून दीड मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटर खोल असतो. डोळा स्पष्ट, कानाची पाळी धूसर. फोकस मिशीवर बसला तर डोळे गेले. म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडावा आणि तो कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा. उजेड भरपूर असेल तर 2.8 किंवा 4 वर यावं. 4 वर हाच पट्टा चौदा सेंटिमीटरच्या आसपास जातो. मागची गर्दी विरघळवण्याच्या नादात बाजारच नाहीसा करणारे फोटो हल्ली फार दिसतात. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबून बैलाचा भाव ठरवतोय, तर मागचा बैल थोडा तरी दिसायला हवा ना?

उजेडाची ही मारामारी जुनी आहे. फोटोग्राफी 1839 मध्ये जगापुढे आली, तेव्हा चेहऱ्याचा फोटो काढायचा म्हणजे मिनिटंच्या मिनिटं उन्हात निश्चल बसणं. 1840 मध्ये व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक योसेफ पेत्झवाल यांनी पोर्ट्रेटसाठी खास लेन्स आखली. आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातले हिशेबात तरबेज जवान दिले गेले होते. ती लेन्स साधारण एफ 3.6 ची होती, आणि तिच्यामुळे मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. मधला चेहरा धारदार आणि कडेला पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी, ही तिची खूण. आज लोक तो ‘दोष’ मुद्दाम विकत घेतात, हा काळाचा विनोद.

आपला बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाचे दरबारी फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ. सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी 1892 मध्ये हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ उघडला, तिथे कॅमेऱ्यामागेही एक बाईच होती. माणसाला कॅमेऱ्यापुढे निर्धास्त वाटलं पाहिजे, हे त्या काळातल्या व्यावसायिकाला कळलं होतं. मराठीत हे गौतम राजाध्यक्षांनी (1950-2011) करून दाखवलं. सिनेमातल्या माणसांचे त्यांचे ‘फेसेस’ आणि ‘चेहरे’ या पुस्तकांतले फोटो नीट पाहा. सगळा भर चेहऱ्यावरच्या उजेडावर असतो. भारी कॅमेऱ्याची जाहिरात त्यात कुठे दिसत नाही.

नेकनूरला बंकटस्वामी महाराजांचा मठ आहे, आणि या भागात सप्ताह, कीर्तनं काही कमी नाहीत. रात्रीचं कीर्तन म्हणजे पोर्ट्रेट आणि नाइट फोटोग्राफी दोन्हींची एकदम परीक्षा. बुवा उड्या घेतात, टाळकरी डोलतात, मृदंगावरचे हात दिसेनासे होतात. इथे 85 मिलिमीटरची लेन्स असेल तर श्रोत्यांत खाली बसूनच काम होतं, कुणाच्या पुढे उभं राहावं लागत नाही. नसेल तर पन्नासची घेऊन जरा पुढे सरकावं. छिद्र 2 च्या आसपास, आयएसओ 3200, शटर सेकंदाचा दोनशेवा भाग, असं सुरू करून पाहावं. दाणे येतील, येऊ द्यावेत. दाणेदार फोटो छापला जातो, हललेला टाकून द्यावा लागतो. फ्लॅश मारू नये. बुवांची तंद्री मोडते आणि मंडपातला पिवळा उजेडही मरतो.

मंडपात आणखी एक भूत असतं. फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि पोरं म्हणतात, कॅमेरा गेला. कॅमेरा शाबूत असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. शटर फार वेगवान ठेवलं की सेन्सरचा काही भाग उजेडात आणि काही अंधारात टिपला जातो. अशा वेळी शटर शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणलं की पट्टे बहुतेक जातात. शंभराव्या भागाला हात हलणारच, मग बुवा अभंगाचा चरण संपवून क्षणभर थांबतात तो क्षण धरायचा. लग्नाचे फोटो काढणारे आपले गावोगावचे स्टुडिओवाले हे वर्षानुवर्षं करत आले आहेत, फक्त कुणी लिहून ठेवत नाही.

लक्ष्मीपूजन अवसेचं. वर्षातली एक काळीकुट्ट रात्र आणि दारोदार पणत्या. पणतीच्या उजेडात आजीचा फोटो हवा असेल तर पणत्यांची संख्या वाढवा आणि त्या चेहऱ्याजवळ, किंचित एका बाजूला ठेवा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. आयएसओ 1600, छिद्र 1.8, शटर साठावा भाग. तीन-चार पणत्या जवळ असल्या की एवढ्यावर चेहरा निघतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो सोनेरी रंग धुऊन काढायला बघतो. तो टंगस्टनवर, म्हणजे 3200 केल्विनच्या आसपास ठेवला तर ज्योतीची ऊब राहते, कारण ज्योत त्याहूनही बरीच पिवळी, सुमारे 1900 केल्विनची असते. घरातला एलईडी बल्ब मात्र बंद करा. पांढरा बल्ब आणि पिवळी पणती एकाच गालावर भांडतात.

आतषबाजीचं गणित उलटं. तिथे मोठ्या छिद्राची गरज नाही, कारण अनार-रॉकेट स्वतःच प्रखर असतात. ट्रायपॉड, आयएसओ 100, छिद्र 8 ते 11, शटर दोन-चार सेकंद, संपलं.

पूजा उरकल्यावर गावाबाहेर पठारावर गेलात तर आकाश हाच विषय. कृत्तिका आणि रोहिणी चांगल्या वर आलेल्या असतात, नऊनंतर पूर्वेला मृग उगवतो. आकाशगंगेचा दाट भाग दिवाळीच्या सुमारास अंधार पडल्यावर तासभरच नैर्ऋत्येला क्षितिजाजवळ दिसतो. ती खरी पाहायची तर फेब्रुवारीपासून मेपर्यंत पहाटे उठावं. इथे पन्नास चालत नाही, रुंद लेन्स लागते. किट लेन्स अठरावर आणि एफ 3.5 वर चालेल. किती सेकंद उघडं ठेवायचं याचा ठोकताळा असा : 500 ला लेन्सच्या आकड्याने भागायचं, पण एपीएस-सीवर आधी तो आकडा दीडपट करायचा. अठराचे सत्तावीस होतात आणि उत्तर अठरा सेकंद येतं. त्यापुढे पृथ्वी फिरल्याने तारे ठिपक्याऐवजी रेघा होतात. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर बारा सेकंदांतच थांबावं. आयएसओ 3200 ते 6400. ऑटोफोकस अंधारात गोते खातो, म्हणून लाइव्ह व्ह्यूमध्ये एखादा ठळक तारा मोठा करून तो सर्वांत बारीक दिसेपर्यंत रिंग हाताने फिरवावी. दोन सेकंदांचा टायमर लावावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

रेघाच हव्या असतील तर उत्तरेकडे तोंड करा. बीडच्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे एकोणीस अंश वर, हात ताणून धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर असतो. बाकी सगळे तारे त्याच्याभोवती वर्तुळं काढतात. लागोपाठ शे-दोनशे फोटो काढून ते संगणकावर एकमेकांवर चढवले की चित्र पूर्ण. बीड शहराच्या बाजूचं आकाश उजळ असतं आणि पठारावरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात, ते चौकटीत घ्यायचे की टाळायचे हे आधी ठरवा. मी तर घेईन. आजच्या बालाघाटाचं चित्र त्यांच्याशिवाय खोटं.

पंधरा दिवसांनी कार्तिकी पौर्णिमा. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, तिथे यात्रा भरते आणि पायी दिंड्या येतात. पौर्णिमेच्या चांदण्यात डोंगर टिपायला आयएसओ 800, छिद्र 2.8 आणि आठ-दहा सेकंद पुरतात. पण खुद्द चंद्र उन्हात तळपणारा दगड आहे. त्याला आयएसओ 100, छिद्र 11 आणि शंभरावा भाग लागतो. दोघांच्या उजेडात लाखो पटींचा फरक, एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. यातून वाट निसर्गानेच दिली आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, तेव्हा आकाशात अजून उजेड असतो. ती पंधरा-वीस मिनिटं धरली तर चंद्र, डोंगर आणि दिंडीतल्या पताका एकत्र मिळतात. आणि चंद्र मोठा हवा तर पन्नासच्या लेन्सने सेन्सरवर तो अर्ध्या मिलिमीटरहून लहान उमटतो, हे ध्यानात ठेवा. तीनशेची लेन्स लागते.

1930 च्या दशकात ब्रासाई नावाचा फोटोग्राफर पॅरिसच्या रात्री टिपत हिंडायचा आणि किती वेळ शटर उघडं ठेवायचं ते सिगारेटवर मोजायचा, अंधार जास्त असेल तर जाड सिगारेट. आपल्या मोबाइलचा नाइट मोड तेच करतो, अनेक फोटो घेऊन एकत्र करतो. स्थिर दृश्यासाठी तो उत्तम आहे आणि त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. समोरचा माणूस हलला की मात्र त्याचं शहाणपण संपतं. खरेदी करायचीच असेल तर क्रम असा ठेवा : पन्नासची लेन्स, मग वाऱ्यात न थरथरणारा ट्रायपॉड, मग रुंद लेन्स. बॉडी सगळ्यात शेवटी.

एक विनंती. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोयते बांधून कारखान्यांकडे निघतात. त्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे, बैलगाड्यांचे रात्रीचे फोटो सगळ्यांनाच हवे असतात, अनेकदा न विचारता घेतलेले. विचारून घ्या, नवरा-बायको आणि लेकरं एकत्र उभी करून एक नीट फोटो काढा, आणि गाडी सुटायच्या आत बीडला किंवा केजला छापून 4 बाय 6 ची प्रत त्यांच्या हातात द्या. ते परत येतील तेव्हा उन्हाळा लागलेला असेल, आणि तोवर तुमच्या मेमरी कार्डावरची ती फाइल पुसली गेलेली असेल.