रोज एक मिलिमीटर

मनगट खाली लोंबतं सोडा आणि तसंच ठेवून मूठ आवळून बघा. बोटं मिटतात, पण मुठीत जोर येत नाही. आता मनगट जरा वर उचला आणि पुन्हा आवळा. पकड लगेच घट्ट बसते. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंना ताण मिळायचा तर मनगट उचललेलं लागतं, आणि ते उचलायचं काम ज्या स्नायूंकडे आहे त्यांना हुकूम देणारी नस एकच, रेडियल नर्व्ह. ही नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालत, हाडाच्याच एका उथळ खाचेतून खाली उतरते. दंड मधोमध मोडला तर ती सापडण्याचा धोका असतो. अशा शंभर जणांमधल्या दहा-बारा जणांची नस दुखावते. आषाढाच्या तोंडावर स्कूटरवरून पडून माझा उजवा दंड मोडला तेव्हा मी त्या दहा-बारा जणांत होते.

हात दिसायला हातासारखाच होता. बोटं मिटत होती, चिमूट जुळत होती, कोपर ताठ होत होतं, कारण त्या स्नायूंच्या फांद्या खाचेच्या वरच फुटतात किंवा दुसऱ्या नसांकडून येतात. पण मनगट उचलेना, बोटं मुळातून उघडेनात, अंगठा बाजूला जाईना. अंगठा आणि तर्जनीच्या मधली मागची कातडी बधिर होती. डॉक्टरांनी 'रिस्ट ड्रॉप' असं नाव सांगितलं आणि लगेच पुढचं वाक्यही सांगितलं, जे मी पुढचे कित्येक महिने धरून राहिले: हाड कातडीच्या आत मोडलंय, त्यामुळे नस तुटली असण्यापेक्षा ताणली किंवा चेचली असण्याची शक्यता जास्त, आणि अशा नसांपैकी शंभरात सत्तरएक आपल्या आपण परत येतात.

मी पुण्यात एकटी राहते. माझं घर पुढचे महिने चाललं ते भिशीतल्या मैत्रिणींच्या जिवावर. एक बँकेत आहे, एक महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवते, एक खालच्याच मजल्यावर राहते आणि डबे करते. महिन्याला एकदा जमणं, पैसे, चिवडा, गप्पा, एवढाच आमचा व्यवहार होता. त्यातल्या कुणालाही रुग्णसेवेचा अनुभव नव्हता. त्या ते काम शिकल्या आणि कशा शिकल्या हे मी रोज, दुसरं काही करता येत नसल्यामुळे, अगदी जवळून पाहिलं. मला त्याबद्दलच लिहायचंय.

पहिला धडा उशीचा होता. दंडाच्या हाडाला बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागत नाही. आधी प्लास्टरची पट्टी, मग दंडाला वेढणारा प्लास्टिकचा ब्रेस, आणि मनगट गळ्यात अडकवलेलं. हाड सरळ ठेवायचं काम हाताचं स्वतःचं वजन करतं. म्हणून कोपर लोंबतं राहायला हवं आणि झोपायचं तेही अर्धवट बसून. हे सगळं मायेच्या विरुद्ध जाणारं आहे. मोडलेला हात लोंबताना पाहून कुणाचंही मन म्हणतं, खाली काहीतरी आधार द्यावा. डबेवाल्या मैत्रिणीने पहिल्या रात्री कोपराखाली मऊ उशी सरकवली. दुसऱ्या दिवशी तपासणीत डॉक्टरांनी तिलाच समजावलं की त्या उशीने हाड खालून वर ढकललं जातं आणि वाकडं जुळू शकतं. ती घरी आली आणि तिने घरातल्या सगळ्या उशा माझ्या पाठीमागे रचल्या, खुर्चीच्या हातावर कोपर टेकू नये म्हणून हात नसलेली खुर्ची वर आणून ठेवली.

मग कपडे. दुखरा हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना सगळ्यात शेवटी, हा नियम एकदा कळला की रोजची निम्मी कळ वाचते. बँकेतल्या मैत्रिणीने माझ्या सलवारींच्या नाड्या काढून इलॅस्टिक घातलं, दोन कुर्ते पुढून उभे कापून त्यांना टिचबटणं लावली. काखेतला घाम पुसायला मी पुढे वाकून हात सैल सोडायचा, म्हणजे दंड न उचलता फडकं आत जातं. वेणी मात्र मला कुणी दुसऱ्याने घातलेली सहन होत नव्हती. आईनंतर माझ्या केसांना कुणी हात लावला नव्हता. शाळेतली मैत्रीण सकाळी शाळेला जाता जाता यायची, मागे उभी राहायची, काही न बोलता तेल लावायची आणि घट्ट वेणी घालून निघून जायची. तिच्या त्या न बोलण्याचे उपकार मी विसरणार नाही.

हातासाठीचा स्प्लिंट बनताना पाहणं हा या सगळ्यातला एक सुंदर भाग होता. ऑक्युपेशनल थेरपिस्टने माझ्या हाताचा कागदावर आराखडा काढला, त्या मापाचा प्लास्टिकचा पांढरा पत्रा कापला आणि 65-70 अंशांच्या गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकला. मिनिटभरात तो कापडासारखा मऊ पडला. टॉवेलवर टिपून, गरमपणा स्वतःच्या हातावर तपासून, तिने तो माझ्या हातावर पसरला आणि मनगट 20-30 अंश वर धरून थांबली. गार होता होता तो त्या आकारात कडक झाला. कडा घासून, वेल्क्रोचे पट्टे लावून दिल्यावर माझ्या बोटांना पुन्हा जोर आला. पेन धरता आलं, कुकरची शिट्टी बसवता आली. नस तशीच होती. फक्त मनगट उचलायचं काम तिच्याऐवजी त्या पत्र्याने घेतलं होतं.

पण स्प्लिंटमध्ये सांधे आखडतात. म्हणून दिवसातून अनेकदा तो काढून, कोपर वाकवून, दुसऱ्या कुणीतरी मनगट, बोटं, अंगठा हळूहळू पूर्ण वर न्यायचे आणि क्षणभर तिथे धरायचे. नस वर्षाने परत आली तरी तिला हलवायला मऊ सांधा शिल्लक हवा. हे काम कंटाळवाणं आहे. त्यात रोज काहीच घडत नाही, आणि ते एकही दिवस चुकवून चालत नाही. सकाळची पाळी शाळेतलीची, दुपारची डबेवालीची, रात्रीची बँकेतलीची अशी वाटणी भिशीतच ठरली. मदत म्हटलं की लोकांना अपघाताच्या दिवशीची धावपळ आठवते. मला श्रावणातल्या त्या सगळ्या सारख्या दुपारी मोठ्या वाटतात.

नसेचा आतला धागा तुटला असेल आणि वेष्टण शाबूत असेल, तर धागा त्या वेष्टणातून पुन्हा वाढतो, रोज साधारण एक मिलिमीटर. त्याआधी सुरुवातीचा काही काळ नुसता आवराआवरीत जातो. ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी 1943 मध्ये नसांच्या इजेचे तीन प्रकार पाडले: नुसता वाहता संदेश अडलेली, धागा तुटून वेष्टण राहिलेली आणि पूर्ण तुटलेली. पहिली काही आठवड्यांत येते, तिसरीला शस्त्रक्रियेवाचून गत नसते. माझी दुसऱ्या प्रकारातली असावी, असं तीन-चार आठवड्यांनंतरच्या तपासणीत दिसलं. मोडल्या जागेपासून मनगटाच्या पहिल्या स्नायूपर्यंतचं अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास. रोज एक मिलिमीटरने शंभर दिवस.

पण ती खरंच वाढतेय का, हे बाहेरून कळायची एक युक्ती आहे. नसेच्या वाटेवर बोटाने हलकं ठोकत जायचं. जिथे नवे धागे पोहोचलेत तिथे ठोकलं की हाताच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात. फ्रान्समध्ये टिनेल आणि जर्मनीत हॉफमन, दोघांनी 1915 मध्ये हे नोंदवलं. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि दोन्ही बाजूंना जखमी सैनिकांची रीघ होती. थेरपिस्टने ही ठोकणी बँकेतल्या मैत्रिणीला शिकवली आणि ती बँकेतलीच निघाली: दर रविवारी ठोकून, मुंग्यांच्या जागी बॉलपेनने टिंब द्यायची, कोपराच्या बाहेरच्या हाडापासून टेपने अंतर घ्यायची आणि भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहायची. पुढून पैशांचा हिशेब, मागून माझ्या नसेचा. आकडा आठवड्याला सहा-सात मिलिमीटरने कमी व्हायचा. कधी नाही व्हायचा. तेव्हा ती तोही तसाच लिहायची. "अगं, टाक की दोन जास्त," असं मी एकदा म्हटलं, तर तिने वही मिटली आणि म्हणाली, "खोटा आकडा तुझ्या काय कामाचा?"

नवरात्रात हाड जुळल्याचं एक्स-रेने सांगितलं, ब्रेस निघाला. खांदा आखडला होता. पुढे वाकून हात लोंबता सोडून गोल फिरवायचा व्यायाम सुरू झाला. मनगट मात्र तसंच. मला वाटलं होतं की नवरात्रापर्यंत काहीतरी दिसेल, आणि काहीच दिसत नव्हतं. त्या दिवसांत डबेवाली मैत्रीण 'सगळं ठीक होईल' असं एकदाही म्हणाली नाही. ती यायची, स्प्लिंट काढायची आणि मनगट वर न्यायची. माझ्या रडण्यासाठी तिने व्यायाम थांबवला नाही आणि व्यायामासाठी माझं रडणंही थांबवलं नाही.

पहिली खूण दिसली नाही, ऐकू आली. ईएमजीच्या तपासणीत स्नायूत बारीक सुई घालतात आणि स्नायूची विद्युत हालचाल यंत्राच्या स्पीकरवर वाजते. डॉक्टर म्हणाले, मनगट उचलायचा प्रयत्न करा. मनगट हललं नाही. पण स्पीकरवर तुरळक टकटक आली, थांबली, पुन्हा आली. शाळेतली मैत्रीण सोबत होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "हा आवाज तिचा?" ते हो म्हणाले.

पुढे गोष्टी ठरल्या क्रमाने आल्या, कारण नस वरून खाली येते आणि वाटेत जो स्नायू आधी लागतो तो आधी जागा होतो. प्रथम कोपरापाशी, मूठ उभी धरून हात वाकवताना उठणारा उंचवटा. मग मनगट, तेही सुरुवातीला अंगठ्याच्या बाजूला तिरपं जाणारं. थेरपिस्ट स्नायूंना शून्य ते पाच असे गुण देतात: नुसती थरथर म्हणजे एक, हाताच्याच वजनाविरुद्ध उचलता आलं की तीन. मधला दोन मोठा महत्त्वाचा. त्यासाठी हात टेबलावर कुशीवर ठेवायचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी झगडा उरत नाही, आणि खाली टाल्कम पावडर पसरायची. त्या पावडरीवर माझं मनगट दिवाळीच्या आधी दोन बोटं सरकलं. खालच्या मजल्यावरून लाटणं हातात घेऊनच मैत्रीण धावत वर आली.

इथून पुढे मदतीचं स्वरूप उलटं झालं. आधी त्यांनी सगळं करायचं होतं, आता करायचं नव्हतं. थेरपिस्टने पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं, "ताई, हाताने घरात काय काय करता ते सांगा. व्यायाम मी त्यातूनच काढते." हा विचार आपल्याकडे रुजवणाऱ्या कमला निंबकर. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नाने निंबकरांच्या घरात आलेल्या या बाईंनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा उभी केली, 1952 मध्ये या क्षेत्रातल्यांची अखिल भारतीय संघटना. फलटणची शाळा त्यांच्या नावाने आहे म्हणून अनेकांना ते नाव माहीत असतं, हे काम मात्र फार थोड्यांना. रोजचं काम हेच औषध, मात्रा तेवढी ठरवून द्यायची, हे त्या शास्त्राचं मर्म मला माझ्या स्वयंपाकघरात कळलं. मटार सोलणं, गवार मोडणं चिमटीसाठी. फुलवाती बोटांच्या टोकांसाठी. धान्य पाखडताना मनगट आपोआप वरखाली होतं, म्हणून रिकामं सूप, मग मूठभर तांदूळ, मग वाटीभर.

आणि यात मैत्रिणींनी समोर बसून राहायचं. एका गवारीच्या शेंगेला मला एवढा वेळ लागायचा की डबेवालीचा हात आपोआप पुढे यायचा. तिची दिवसाला किलोनं भाजी निवडून होते. तिला ते बघवत नसे. ती उठून गॅलरीत जायची. शाळेतलीला मात्र हे जमायचं. पहिलीतलं मूल 'ळ' काढताना तिने पेन्सिल हातात घेतली तर मूल शिकत नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. ती माझ्या हाताकडे बघत बसायची, मी दमले हे माझ्या आधी ओळखायची आणि तेव्हाच थांबवायची, कारण दमलेला नवा स्नायू पुढे नेटाने ताणला तर शरीर खांद्याची चोरटी हालचाल शिकतं. इतर दोघी हे तिच्याकडून शिकल्या.

संक्रांतीपर्यंत मनगट स्प्लिंटशिवाय वर राहू लागलं. गुढीपाडव्याच्या सुमाराला बोटं मुळातून उघडली. आता चालू आहे भाकरी. भाकरी थापायला मनगट वर, बोटं ताठ आणि पंजा पूर्ण उघडा लागतो, म्हणजे त्या एका नसेचं जवळजवळ सगळं काम एका कृतीत येतं. थेरपिस्टच्या यादीत हे नव्हतं. डबेवालीने सुचवलं आणि थेरपिस्टने तिथल्या तिथे यादीत घातलं. ती पीठ मळून देते, मी थापते. मधला भाग नीट येतो, कडा जाड राहतात, कारण अंगठा, ज्याचे स्नायू शेवटाकडे जागे होतात, अजून पुरता बाजूला जात नाही. भाकरी उचलून तव्यावर टाकायचं कामही सध्या तीच करते. पुढच्या रविवारी ते मी करून बघायचं ठरलंय. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलंच घ्यायचं, असा तिचा आग्रह आहे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, थापताना भाकरी चिरते आणि दोष हाताचा आहे की पिठाचा हे वहीत लिहिता येत नाही.