रूळखुणा, शाईफवारा मुद्रणातील
शाईफवारा म्हणजे इंकजेट मुद्रकातून (प्रिंटरमधून) जाड किंवा ताठ कागद बाहेर पडताना त्याच्या मुद्रित पृष्ठावर जे बारीक ठिपके, खाचा वा पट्टे उमटतात, त्यांना रूळखुणा असे म्हणता येईल. साध्या पत्रव्यवहाराच्या कागदावर त्या सहसा नजरेत येत नाहीत. छायाचित्राचा लेपित कागद, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, पारदर्शक फिल्म आणि हातकागद यांवर मात्र त्या ठळक दिसतात व पुसून जात नाहीत.

शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर फेकण्याची ही पद्धत कार्यालयांत व घरांत रुळली ती १९८० नंतर. कॅनन कंपनीतील इचिरो एन्डो यांना १९७७ मध्ये शाईच्या पिचकारीच्या सुईस तापलेली डाखणी लागताच शाई उडाल्याचे दिसले, आणि त्यातून उष्णतेने बुडबुडा निर्माण करून थेंब फेकण्याची कल्पना पुढे आली. ह्यूलेट-पॅकार्डचा थिंकजेट १९८४ मध्ये व कॅननचा बीजे-८० हा मुद्रक १९८५ मध्ये बाजारात आला. स्फटिकाच्या आकुंचन-प्रसरणावर चालणारी एप्सन कंपनीची पद्धत हा दुसरा प्रमुख प्रकार होय. थेंब फेकण्याची रीत कोणतीही असली, तरी कागद पुढे सरकविण्याची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते, आणि दोषाचे मूळ तेथेच आहे.

फवारशीर्षाच्या अलीकडे मुख्य रूळ व त्यावर दाबून धरणारे छोटे रूळ असतात. येथे कागद कोराच असल्याने अखंड रूळ चालतो. शीर्षाच्या पलीकडे मात्र शाई ओली असते. तिला अखंड रूळ लागला तर ती फासली जाईल. म्हणून तेथे खाली रबरी रूळ व वर पातळ पत्र्याची अणकुचीदार दातांची चक्रे बसविलेली असतात. त्यांचे दात कागदास केवळ टोकांनी स्पर्श करतात. पातळ कागद दबतो आणि काम भागते. जाड कागद दबत नाही, चक्राची कमानी अधिक ताणली जाते आणि दात ओल्या, मऊ लेपात रुततात. फिल्मच्या निगेटिव्हवर ही हानी सर्वांत वाईट. कारण दाताने शाई उचललेल्या ठिकाणातून प्रकाश आरपार जातो व संपर्कमुद्रणात तेथे काळा ठिपका येतो.

खूण कोणाची हे आधी ओळखावे. सरळ रेषेत समान अंतरावर पडलेले ठिपके दंतचक्राचे असतात. उदा., ९ मिमी. व्यासाच्या चक्रास १८ दात असल्यास परीघ सु. २८·३ मिमी. होतो व ठिपक्यांतील अंतर सु. १·६ मिमी. येते. सलग चकचकीत पट्टा दाबरुळाचा, तर कडेला फासलेली शाई ही शीर्ष कागदास घासल्याची निशाणी होय. या शेवटच्या दोषास दंतचक्रे काढण्याचा काहीच उपयोग नाही, हे अनेकांच्या लक्षात उशिरा येते.

यंत्रास हात घालण्यापूर्वी जाड कागदाची मांडणी निवडून शीर्ष उचलावे, शाईचे प्रमाण कमी करावे आणि कागद समोरच्या तबकातून वळवून न नेता मागच्या सरळ मार्गाने घालावा. एवढ्याने न भागल्यास चक्रांची पट्टी बदलावी लागते. वीज तोडून वरचे आवरण काढल्यावर ती दिसते. पुष्कळ यंत्रांत प्रत्येक चक्राचा आस म्हणजे एक बारीक कमानीच असते व दाबही तीच देते. पट्टीच्या स्क्रूंखाली चकत्या घालून ती एक-दोन मिमी. उचलणे हा सौम्य उपाय. मधली चक्रे काढून कोऱ्या समासावरील तेवढी ठेवणे हा दुसरा. सर्व चक्रे काढणे हा टोकाचा उपाय आहे. शीर्षाच्या मागील सांकेतिक पारदर्शक पट्टीस तेलकट बोट लागू देऊ नये. काढलेले भाग जपून ठेवावेत. हमीची मुदत चालू असल्यास ती बहुधा जाते.

चक्रे गेली की कागदाची मागची कड मुख्य रुळातून सुटताच त्यास ओढणारे काही उरत नाही व शेवटचा भाग अडकतो. म्हणून त्याच जाडीचे शेपूट कडेला कड भिडवून खालून चिकटपट्टीने जोडतात आणि मुद्रकास कागदाची लांबी शेपटासह सांगतात. असा मुद्रक मग जाड माध्यमापुरताच राहतो; पातळ कागद ओला होऊन फुगतो आणि वर धरणारे काही नसल्याने शीर्षास लागतो.

पुण्यात १९४० मध्ये स्थापन झालेल्या हातकागद संस्थेच्या कागदासारख्या खरबरीत, असमान जाडीच्या तावावर ही काळजी अधिकच लागते. सुटे तंतू आधी मऊ कुंचल्याने झाडावेत, नाहीतर ते शीर्षाच्या छिद्रांत बसतात. एक ताव बिघडला तर तसाच दुसरा मिळेलच असे नाही.

मोठ्या यंत्रांत हा प्रश्न मुळातच टाळलेला असतो. काहींत कागद खालून हवेच्या शोषणाने पाटावर धरतात. कापडावरील शाईफवारा मुद्रणात कापड चिकट पट्ट्यावर बसवून शीर्षाखालून नेतात व तसेच वाळवणीकडे पाठवितात; ओल्या पृष्ठास वरून काहीच लागत नाही. अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथील औद्योगिक क्षेत्रात वस्त्रोद्योग एकवटला असून तेथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथून झाली. अशा ठिकाणी कापडावर छपाई करू पाहणाऱ्याने घरगुती मुद्रकाची चक्रे काढण्यापेक्षा चिकट पट्ट्याचे यंत्र आधी पाहावे.