पाणनेचा आणि सोंडेचे दोन भुंगेरे

साल्व्हिनिया मोलेस्टा ही पाण्यावर तरंगणारी नेचावर्गीय वनस्पती होय. तिच्या दाट थराने तळी, कालवे व भातखाचरे झाकली जातात. १९७२ साली मिचेल यांनी ती स्वतंत्र जाती म्हणून वर्णिली. तोपर्यंत तिची गणना दुसऱ्याच जातीत होत असे. परिणामी तिच्या नैसर्गिक शत्रूंचा शोधही अन्यत्र झाला. त्रिनिदाद बेटावरील सिर्टोबेगस सिंग्युलॅरिस हा सोंडेचा भुंगेरा आफ्रिकेत व फिजी बेटांवर सोडण्यात आला. परंतु तणास पुरेसा आळा बसला नाही.

१९७८ साली या वनस्पतीचे मूलस्थान आग्नेय ब्राझीलमध्ये आढळले. तेथील भुंगेरा दिसण्यात पहिल्यासारखाच असल्याने प्रथम तोच समजला गेला. मात्र ऑस्ट्रेलियात त्याने तणाचा फडशा पाडला. पुढे १९८५ साली काल्डर व सँड्स यांनी सिर्टोबेगस साल्व्हिनिई या नावाने त्याची वेगळी जाती स्थापन केली. याचे प्रौढ कीटक कोंब खातात व अळ्या खोड पोखरतात. त्यामुळे वनस्पती कुजून बुडते.

न्यू गिनी व श्रीलंका या बेटांवर त्याचा असाच उपयोग झाला. भारतात तो ऑस्ट्रेलियातून आणला गेला व १९८३–८४ मध्ये बंगळूर येथील एका कुमुदतळ्यात सोडला गेला. अकरा महिन्यांत ते तळे तणमुक्त झाले. केरळातील जलाशयांतही त्याने तणास आवर घातला. जातींचे अचूक वर्गीकरण व्यवहारात किती मोलाचे असते, हे यावरून स्पष्ट होते.