चुकीचा पासवर्ड आणि सर्व्हरचा नकार

‘पासवर्ड चुकला’ असे दोन शब्द पडद्यावर आले, की आपण तो पुन्हा टाइप करतो. पण त्या दोन शब्दांत सर्व्हरने एक गोष्ट कबूल केलेली असते : या नावाचे खाते येथे आहे. परक्याला नेमके तेच हवे असते. नावांची यादी घेऊन तो एकेक तपासत जातो. खरी नावे हाती लागली, की उरतो फक्त पासवर्डचा अंदाज. शिवाय खाते व्यसनमुक्तीच्या संकेतस्थळावर असेल, तर ते असणे हेच गुपित.

म्हणून उत्तर एकच हवे : ‘युजरनेम किंवा पासवर्ड जुळत नाही.’ मात्र शब्द सारखे ठेवून भागत नाही. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जुने मूळ लेख वाचत शिकलो. त्यांतला एक १९७९ सालचा, रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांचा, युनिक्समधील पासवर्ड-सुरक्षेबद्दल. तेथे पासवर्डचे सांकेतिक रूप करणारी पद्धत मुद्दाम संथ ठेवली होती. नाव खोटे असेल तर ताडून पाहायला काही नसे, म्हणून प्रोग्रॅम ती पायरी गाळी. परिणामी खऱ्या नावाला उत्तर सुमारे अर्धा सेकंद उशिरा येई, खोट्याला तत्काळ. न बोलताच गुपित फुटले! उपाय साधा निघाला : नाव खोटे असले तरी तेवढेच गणित करायचे. मी आजही कोणाचा लॉगिन-कोड पाहायला घेतला, की आधी ही पायरी शोधतो.

दुसरी गफलत एरर पेज सजवताना होते. ओळख पटली नाही, की सर्व्हर ४०१ हा कोड पाठवतो. त्याचे इंग्रजी नाव ‘अनऑथराइज्ड’, पण अर्थ ‘तुम्ही कोण ते सिद्ध झालेले नाही’ असा. ओळख पटूनही परवानगी नसेल तर ४०३. (नाव ठेवणाऱ्यांनी घोळच घातला, असे माझे मत.) जिथे ब्राउझर स्वतःच पासवर्डची चौकट दाखवतो, तिथे तो या ४०१ची आणि सोबतच्या हेडरची वाट पाहत असतो. अपाचे सर्व्हरमध्ये ‘एररडॉक्युमेंट’ या आज्ञेने आपले पान लावता येते. तिथे त्याच सर्व्हरवरच्या पानाचा मार्ग द्यावा. ‘एचटीटीपी’पासून पूर्ण पत्ता दिला, तर अपाचे ४०१ऐवजी ‘तिकडे जा’ असा निरोप धाडतो. मग चौकट उघडतच नाही आणि हक्काचा वापरकर्ताही त्या देखण्या पानावर अडकून पडतो.

सतत चुकणाऱ्याचे खाते कायमचे बंद करणे मला पटत नाही. तसे केले तर कोणीही उठून तुमचे खाते बंद पाडू शकेल. त्यापेक्षा प्रत्येक प्रयत्नामागे थांबायला लावावे. त्यासाठी २०१२पासून ४२९ हा कोड आहेच.

आणि एवढी काळजी घेतलेल्या पानाखाली ‘पासवर्ड विसरलात?’ असा दुवा असतो. तिथे ईमेल टाकला, की अनेकदा उत्तर येते : ‘असे खाते आमच्याकडे नाही.’