तापीच्या सोबतीने सात दिवस

खानदेशाला समुद्र नाही हे खरे. पण आपली तापी ७२४ किलोमीटर चालून समुद्राला मिळतेच ना? दिवाळीच्या सुटीत तिच्याच वाटेने जावे, असा बेत आम्ही आखला.

पहिल्या यादीत नाशिक, त्र्यंबक, सप्तशृंग सगळेच होते. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई म्हणाल्या, “पळत पळत देव नको दाखवू, बाई. एकदा समुद्र तेवढा दाखव.” तिन्ही नावे खोडली.

पहिला दिवस जळगावहून चांगदेव-कोथळीचा: तापी-पूर्णेचा संगम आणि मुक्ताईचे दर्शन. दुसऱ्या दिवशी सुरतेच्या मार्गावरचे अमळनेर, बोरीकाठी सखाराम महाराजांची समाधी. धुळेकरांनी येथे येऊन मिळावे. तिसऱ्या दिवशी नंदुरबारमार्गे प्रकाशा, आपली ‘दक्षिण काशी’. पुढचे दोन दिवस तोरणमाळला. शहाद्याहून घाट चढतो. उंची सुमारे १,१५० मीटर. यशवंत तलाव, सीताखाई निवांत पाहावी. रात्री थंडी बोचते, म्हणून घोंगड्या हव्यातच. सहाव्या दिवशी उतरून नंदुरबारहून सुरतेची गाडी. दशम्या आणि लोणचे बरोबर असले की मुलांची चिंता नाही.

सातव्या सकाळी डुमस. तेथे ओहोटीला पाणी फार लांब जाते, तेव्हा भरतीची वेळ आधी विचारून निघावे. संध्याकाळी परतीची गाडी.

काळ्या वाळूत सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. मग संगमावर भरून घेतलेली बाटली त्यांनी लाटेत रिती केली आणि म्हणाल्या, “पोचली गं बाई माहेरची नदी!” खोडलेल्या तीन नावांची आठवण मग कोणालाच झाली नाही.