ठिणगी पडली म्हणजे पेटलंच?

नऊ-दहा किलोमीटर उंचीवर विमानाचं जेट इंजिन विझलं, तर ते हवेतच पुन्हा पेटवता यायला हवं. तिथे हवा विरळ, कडाक्याची थंडी, केरोसीनच्या थेंबांची वाफ होता होत नाही. ही परीक्षा जमिनीवर घ्यायची तर खर्च अफाट, म्हणून आधी ती संगणकावर घेतात. या सिम्युलेशनबद्दलच्या काही समजुती मात्र हटता हटत नाहीत.

ठिणगी दमदार असली की पुरे, ही त्यातली पहिली. नीट मिसळलेलं, संथ मिथेन आणि हवा पेटायला सुमारे ०.३ मिलिजूल पुरतात, हायड्रोजनला ०.०२. गॅस टर्बाइनचा इग्नायटर याच्या हजारो पट ऊर्जा सोडतो, तरी कधीकधी हात हलवत परत येतो. कारण ठिणगीतून जन्मणारा तप्त वायूचा गोळा असतो काही मिलिमीटरचा. भोवऱ्यांनी तो ताणला, फाडला, की ज्वलनातून मिळते त्याहून जास्त उष्णता तो गमावतो आणि विझतो. पण तो तगला, तर तेच भोवरे ज्वालेला सुरकुत्या पाडून तिचं क्षेत्रफळ वाढवतात आणि ज्वलनाचा वेग चढतो.

‘इंधन-हवेचं प्रमाण जिथे अचूक, तिथे ठिणगी पाडा’ हा सल्लाही अर्धवट. पुढच्या काही मिलिसेकंदांत प्रवाह त्या गोळ्याला कुठे नेतो, यावर सगळं अवलंबून. उलट फिरणाऱ्या प्रवाहात सापडला तर ज्वाला बर्नरशी येऊन टिकते. नाहीतर पेटलेलं सगळं खाली वाहून जातं.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की संगणक ‘पेटेल’ किंवा ‘नाही पेटणार’ असं एकच उत्तर देतो. ‘लार्ज एडी सिम्युलेशन’ या पद्धतीत मोठे भोवरे थेट मोजले जातात, बारीक भोवऱ्यांचा परिणाम अंदाजाने धरला जातो. बर्नर तोच, जागा तीच, पण ठिणगी चार मिलिसेकंद उशिरा पडली तर समोर वेगळाच भोवरा. म्हणून क्षण बदलून अनेक रन घ्यावे लागतात. समजा वीसपैकी तेरा वेळा पेटलं. शक्यता ६५ टक्के? कागदावर हो, पण वीसच रन असतील तर खरा आकडा साधारण ४५ ते ८५ टक्क्यांत कुठेही असू शकतो. आणि हे वीस रनसुद्धा महासंगणकाच्या वेळेच्या हिशोबात चैनच.

शिवाय पडद्यावर दिसते ती ठिणगी बहुतेक वेळा खरी ठिणगी नसतेच. सुरुवातीचा प्लाझ्मा सोडून देऊन छोट्याशा जागेत ठरावीक उष्णता ओततात. रसायनशास्त्रालाही कात्री लागते: मिथेनच्या ‘जीआरआय-मेक ३.०’ या आराखड्यात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत, पण मोठ्या सिम्युलेशनमध्ये कित्येकदा दोन-चार अभिक्रियांवरच भागवतात. लाल-पिवळे रंग तर चित्र काढणाऱ्याच्या मर्जीचे.

मग विश्वास कसा ठेवायचा? प्रयोगाशी पडताळून. हेलिकॉप्टर इंजिनाच्या संपूर्ण कंकणाकृती दहनकक्षाचं प्रज्वलन फ्रान्समधल्या सर्फाक्स या संशोधन संस्थेच्या चमूने २००८ मध्ये संगणकावर दाखवलं. पुढे पॅरिसच्या एकोल सांत्राल संस्थेने मिका नावाचा कक्ष उभारला: क्वार्ट्झच्या पारदर्शक भिंती, १६ बर्नर. त्यात एका बर्नरपाशी ठिणगी पडते, ज्वाला दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी प्रदक्षिणा करते आणि समोरच्या टोकाला दोन्ही आघाड्या भेटतात, तेही सेकंदाच्या छोट्याशा अंशात. कॅमेऱ्याने टिपलेला हा प्रवास आणि संगणकाचा प्रवास चांगला जुळला. मात्र हे आधीच मिसळलेल्या वायुरूप इंधनासाठी. इंधन द्रवाच्या फवाऱ्यातून आलं, की प्रत्येक थेंबाचं बाष्पीभवनही हिशोबात धरावं लागतं.